चार रुपयांचा चंद्र आणि एका माणसाचं तिकीट

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ला अमेरिकेतल्या फ्लोरिडाहून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे उडाले, त्या आठवड्यात आमच्या बागेतल्या कट्ट्यावर दोन तट पडले. एका तटाला कौतुक आवरत नव्हतं. दुसऱ्या तटाचे म्होरके बँकेतून निवृत्त झालेले माझे शेजारी. या मोहिमेपायी भारताचे साडेपाचशे कोटींच्या आसपास गेले, असं पेपरात आलं होतं आणि त्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढूनच ते आले होते. "अहो, चांद्रयान-३ आख्खं ६१५ कोटींत झालं. इथे एक माणूस वर नेऊन आणायला साडेपाचशे? तेही दुसऱ्याच्या गाडीतून?"

प्रश्न खवचट होता, पण चुकीचा नव्हता. गंमत अशी की २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी, चांद्रयान-३चा विक्रम लँडर चंद्रावर उतरल्यावर, याच गृहस्थांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. त्या वेळी यूट्यूबवर एकाच क्षणी ८० लाखांहून जास्त लोक ते उतरणं पाहत होते. ६१५ कोटी भागिले १४० कोटी, म्हणजे माणशी चार रुपये चाळीस पैसे. एवढ्यात कटिंगसुद्धा येत नाही. आपल्याकडे अवकाशाबद्दलचं जनमत बरंचसं या भागाकारावर उभं आहे. स्वस्त आहे ना, मग चालू द्या.

पण ते स्वस्त कशामुळे झालं? याचं उत्तर त्या दिवसांत फोनोफोनी फिरत होतं: 'अमेरिकेला भलंमोठं रॉकेट लागलं, भारताने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची गोफण करून फुकटात चंद्र गाठला.' पेढे वाटणाऱ्या शेजाऱ्यांनीही ते मला पाठवलं होतं. ते चूक आहे. गोफण असते, पण ती अशी नसते. व्हॉयेजर यानाने गुरूजवळून जाताना सूर्याभोवती धावणाऱ्या गुरूच्या वेगातला कणभर वाटा उचलला, ती खरी गोफण. जे यान पृथ्वीभोवतीच फिरतंय, त्याला पृथ्वीकडून असं काही उचलता येत नाही. नुसत्या घिरट्या घालून वेग वाढत नाही. तसं असतं तर चंद्र कधीच पळून गेला असता.

मग चांद्रयानाने पृथ्वीभोवती घातलेल्या घिरट्या कशासाठी होत्या? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या गोष्टीवर माझा जीव आहे.

१४ जुलै २०२३ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेटने ३९०० किलोचं चांद्रयान-३ एका लांबट कक्षेत सोडलं. पृथ्वीपासून जवळचं टोक १७० किमीवर, लांबचं ३६,५०० किमीवर. जवळच्या टोकाला उपभू म्हणतात, लांबच्याला अपभू. उपभूपाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.३ किमी, म्हणजे ताशी ३७ हजार. अपभूपाशी तेच यान सेकंदाला जेमतेम १.६ किमीने सरकत असतं. आता समजा, तुमच्याकडे वेग सेकंदाला १०० मीटरने वाढेल एवढंच इंधन आहे. ते कुठे जाळाल? बहुतेक जण म्हणतात, वर, जिथे पृथ्वीची ओढ कमी आहे तिथे. नेमकं उलट. ते खाली जाळायचं.

शाळेतलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग १चा २ झाला, तर वर्ग १चा ४ होतो, वाढ ३ची. वेग १०चा ११ झाला, तर वर्ग १००चा १२१ होतो, वाढ २१ची. इंधन तेवढंच, मिळकत सातपट. चांद्रयानाचे खरे आकडे घातले, तर तेच इंधन उपभूपाशी जाळून सहा पटींहून जास्त ऊर्जा पदरात पडते. हर्मन ओबर्थ या शास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वी दाखवलं, म्हणून याला ओबर्थ परिणाम म्हणतात.

नागपंचमीला उभ्याने झोका चढवणारी मुलगी पाहिली असेल, तर तिला हे न शिकवता ठाऊक असतं. ती टोकाला गुडघे वाकवते आणि झोका तळातून सणाणत जात असताना ताठ होते. झोक्यामागचं गणित तंतोतंत हेच नाही, पण जोर लावायची जागा हीच.

ही जादाची ऊर्जा येते कुठून? फुकट तर काही मिळत नाही. ती येते इंधनाकडूनच, पण त्याच्या जळण्यातून नव्हे, धावण्यातून. टाकीतलं इंधनही यानाबरोबर सेकंदाला १०.३ किमीने धावत असतं. जळून ते सेकंदाला सुमारे ३ किमीने मागे फेकलं जातं, म्हणजे पृथ्वीवरून पाहिलं तर तो वायू अजून पुढेच चाललेला असतो, फक्त ७ किमीच्या आसपास वेगाने. १०.३ आणि ७.३ यांच्या वर्गांमधला फरक त्याने यानाच्या हवाली केला. तेच इंधन वर, १.६च्या वेगाला जाळलं, तर वायू उलट्या दिशेने जवळपास १.४ किमीने निघून जातो. वर्ग करून पाहा, त्याची स्वतःची गतिज ऊर्जा जवळजवळ होती तेवढीच राहिली. यानाला त्याने आपल्यातलं काहीच दिलं नाही. (इथवर आलेल्यांनी एकदा चहा घेऊन हा परिच्छेद पुन्हा वाचायला हरकत नाही. मला स्वतःला तो तिसऱ्या वेळी पटला.)

मग एकदाच उपभूपाशी सगळं जाळून मोकळं का नाही व्हायचं? कारण इंजिन. चांद्रयानाचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं. म्हणजे ४५ किलोचं मूल उचलून धरायला लागतो तेवढा जोर, आणि ढकलायचे आहेत ३९०० किलो. अशा जोराने एखादी गाडी ताशी ६० किमीवर यायला अडीच मिनिटं घेईल. आमच्या रिक्षाचीही उचल याहून बरी. त्या पहिल्या कक्षेतून चंद्रापर्यंत जायला उपभूपाशी वेग साधारण सहा-सातशे मीटरने वाढवायला हवा, आणि या इंजिनाला त्यासाठी जवळपास दीड तास लागेल. यान उपभूपाशी टिकतं काही मिनिटं. दीड तासात ते हजारो किलोमीटर वर, मंद झालेलं, आणि उरलेलं इंधन तिथे फुकट जाणार.

म्हणून हप्ते. उपभूपाशी आलं की थोडा वेळ इंजिन लावायचं, बंद करायचं, अख्खी फेरी थांबायचं, पुन्हा लावायचं. अपभू ४१ हजारांवर, मग ५१, ७१ हजारांवर, २५ जुलैला १ लाख २७ हजार किमीवर आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्री चंद्राच्या वाटेवर. माणसं चंद्रावर नेणाऱ्या अपोलो ११च्या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा जोर दहा लाख न्यूटनचा. त्याने हेच काम सहा मिनिटांत उरकलं. पण त्यासाठी खाली जवळपास ३००० टनांचं सॅटर्न-५ रॉकेट उभं होतं. एलव्हीएम-३ साधारण ६४० टनांचं.

हप्त्यांचा आणखी एक फायदा ११ नोव्हेंबर २०१३ला दिसला. मंगळयानाचा अपभू ७१ हजारांवरून एक लाखावर न्यायचा होता, पण यान ७८ हजारांवरच अडकलं. टीव्हीवर लगेच शोककळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजिन लावलं आणि अपभू गेला १ लाख १८ हजारांवर. एका दमात जाणाऱ्याला अशी दुसरी संधी नसते.

त्याच मंगळयानाचं 'किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त' हे वाक्य मला पहिल्यापासून खुपतं. अवकाशात अंतराला पैसे पडत नाहीत, वेग बदलायला पडतात. बहुतेक वाट इंजिन बंद ठेवूनच कापली जाते. आणि स्वस्ताईचा एक भाग असाही की त्या यानावर पाच उपकरणं होती, सगळी मिळून १५ किलोंच्या आसपास. कमी पैशांत मंगळ गाठला हे खरं, तसं कमी सामान नेलं हेही खरं.

मुहूर्ताचंही बोलून घेतो. चांद्रयान-३ उतरायचा दिवस 'शुभ' पाहून ठरवला, असं मला सांगणारे बरेच भेटले. मुहूर्त होता, पण उतरायच्या जागी सूर्य उगवण्याचा, म्हणजे पुढचे चौदा दिवस सौर पट्ट्यांना ऊन मिळावं म्हणून. उलट २०२३चा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता. इकडे सासुरवाड्यांत जावयांना अनारशांचं वाण चाललं होतं आणि शुभकार्यं खोळंबली होती. तिकडे यानाने पृथ्वीची ओढ सोडली, ५ ऑगस्टला चंद्राची कक्षा धरली, सगळं अधिक महिन्यातच. काही बिघडलं नाही.

आता कट्ट्यावरच्या प्रश्नाकडे. शेजाऱ्यांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी बँकेतल्या माणसाला शोभेल असंच विचारलं, "मग माणसालाही हप्त्यांनी न्या की." नेता येत नाही. प्रत्येक फेरीत यान पृथ्वीभोवतीच्या व्हॅन अ‍ॅलन किरणोत्सारी पट्ट्यांतून दोनदा जातं. यंत्राला कवच घालून ते निभतं, माणसाला दोन-अडीच आठवडे त्यात घोळवता येत नाही. शिवाय अन्न, पाणी, हवा, आणि परत आणायची सोय. माणूस बसला की घाई आली, घाई आली की मोठं रॉकेट आलं. म्हणूनच तीस टन वजन पृथ्वीजवळच्या कक्षेत नेणाऱ्या नव्या रॉकेटसाठी सप्टेंबर २०२४मध्ये ८,२४० कोटी मंजूर झाले आणि भारतीयांना आपल्याच रॉकेटने अवकाशात नेणाऱ्या गगनयान कार्यक्रमाचा एकूण खर्च २०,१९३ कोटींवर गेला. २०३५पर्यंत स्वतःचं स्थानक, २०४०पर्यंत चंद्रावर भारतीय, असं सरकारने जाहीर केलं आहे. यातलं काहीच चार रुपयांत बसत नाही.

अमेरिकेने हा अनुभव घेतलाय. १९६०च्या दशकातल्या जनमत चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक लोकांना अपोलोचा खर्च जास्त वाटत होता. पारडं फिरलं ते आर्मस्ट्राँग उतरले त्या सुमारास, तेही थोडा काळ. १९६६मध्ये नासावर केंद्रीय खर्चाचे ४ टक्क्यांहून जास्त जात होते. डिसेंबर १९७२नंतर कुणी चंद्रावर उतरलं नाही. ठरलेल्या तीन मोहिमाही रद्द झाल्या. २०२३मध्ये प्यू या संस्थेने विचारलं, तेव्हा ६९ टक्के अमेरिकनांना देश अवकाशात आघाडीवर राहणं अत्यावश्यक वाटत होतं. पण नासाने आधी काय करावं? ६० टक्के म्हणाले, पृथ्वीवर आदळू शकतील अशा लघुग्रहांवर नजर ठेवा. माणसं चंद्रावर पाठवणं सर्वांत आधी हवं, असं म्हणणारे १२ टक्के.

हे ऐकून शेजाऱ्यांनी पेपराच्या कडेला पेनाने भागाकार मांडला. २०,१९३ भागिले १४०.

"एकशे चव्वेचाळीस रुपये माणशी," ते म्हणाले.

"आणि तेही काही वर्षांत मिळून," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे मिसळ झाली. कटिंगला कुणी विचारत नाही हो. मिसळ म्हटली की घरी विचारावं लागतं."