साधे आणि रोटरी अल्ट्रासोनिक मशीनिंग: कापणारा कण असतो कुठे?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली कोटेशने असोत की पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या तोंडी परीक्षा, साधे अल्ट्रासोनिक मशीनिंग आणि रोटरी अल्ट्रासोनिक मशीनिंग ही काच-सिरॅमिकसारखे ठिसूळ पदार्थ अतिजलद कंपनांनी कोरण्याच्या पद्धतींची दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. जनरेटर, विजेचे कंपनांत रूपांतर करणारा ट्रान्सड्यूसर, कंपनांचा आवाका वाढवणारा हॉर्न आणि सेकंदाला सुमारे 20,000 कंपने हे सारे दोन्हीकडे सारखेच. एकात टूल फिरते, दुसऱ्यात फिरत नाही, हे नावावरूनच कळते. बहुतेकांचे स्पष्टीकरण मात्र तिथेच संपते.

खरा फरक अपघर्षक, म्हणजे घासून-ठोकून कापणाऱ्या, कणांच्या जागेचा आहे. साध्या पद्धतीत टूल आणि जॉब (ज्यावर काम करायचे ती वस्तू) यांच्यामधल्या फटीत बोरॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे सुटे कण पाण्याबरोबर (या मिश्रणालाच स्लरी म्हणतात) खेळते ठेवतात, आणि साधारण 10 ते 50 मायक्रॉन वरखाली होणारे टूल त्यांना जॉबवर ठोकत राहते. पाट्याला टाकी लावताना दगड फोडते ती छिन्नी, हातोडा नव्हे. इथे टूल हा हातोडा आणि सुटा कण ही छिन्नी. त्यामुळे टूल जॉबपेक्षा कठीण हवे, हा वारंवार ऐकू येणारा आग्रह निरर्थक आहे. टूल मऊ पोलादाचे किंवा पितळेचे चालते, कारण चिवट धातूत कण नुसता रुततो, तर काच, क्वार्ट्झ किंवा सिरॅमिकमध्ये तोच कण सूक्ष्म तडे पाडून कपची उडवतो. तांब्याचा जॉब या मशीनवर चढवणे म्हणूनच व्यर्थ. भोक टूलपेक्षा साधारण कणाच्या व्यासाच्या दुपटीने मोठे निघते, याचा हिशेब आधीच धरावा. शिवाय खोली वाढली की ताजे कण तळाशी पोचत नाहीत आणि काम रेंगाळते.

रोटरी पद्धतीत ही छिन्नी हातोड्यालाच जडवलेली असते: हिऱ्याचे कण पोकळ टूलच्या तोंडावर धातूच्या बंधात पक्के बसवलेले असतात आणि पोकळीतून केवळ कूलंट वाहते. तिथे ‘स्लरी कोणती?’ असे विचारणे म्हणजे प्रक्रियाच न समजणे होय. तिचे जवळचे नाते हिऱ्याच्या ग्राइंडिंगशी आहे.

सिरॅमिकमध्ये खोल, गोल भोक हवे असेल तर मी निःसंशय रोटरी निवडेन. ड्रॉइंगवर नुसते ‘अल्ट्रासोनिक’ लिहिण्याची सवय मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण काचेतल्या चौकोनी खाचेचे टोकदार आतले कोपरे फिरत्या टूलने निघत नाहीत, आणि हे पुष्कळदा ऑर्डर दिल्यावर लक्षात येते.