सॉनी रोलिन्स पवईला का आला होता, त्यामागची गोष्ट

पवईला स्वामी चिन्मयानंदांचा सांदीपनी साधनालय हा आश्रम आहे हे मुंबईतल्या बऱ्याच लोकांना माहीत असतं, पण १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे सॉनी रोलिन्स येऊन राहिला होता हे मला खूप उशिरा कळलं. जॅझ ऐकणाऱ्यांना हे नाव नवीन नाही, टेनर सॅक्सोफोन या फुंकून वाजवायच्या वाद्यातलं अगदी वरचं नाव. सॅक्सोफोन सोबत घेऊनच तो भारतात आला होता. आणि आला तेव्हा त्याचं हेरॉईन या ड्रगचं व्यसन सुटून दहा वर्षांहून जास्त काळ झालेला होता. मग यायची काय गरज होती? ते कळायला जरा मागे जावं लागतं.

रोलिन्सचा जन्म १९३० चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा. त्याच्या पिढीचा देव म्हणजे सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. पार्करला १९३६ मध्ये गाडीचा अपघात झाला होता, दुखणं थांबवायला मॉर्फिन दिलं गेलं आणि तिथून तो हेरॉईनवर गेला, कोवळं वय होतं हो. पुढे तो असं काही वाजवायला लागला की नव्या पोरांना वाटायचं त्या वाजवण्यात थोडा वाटा नशेचाही असणार. पार्कर स्वतः पोरांना सांगायचा की याच्या नादी लागू नका, पण त्याला डोळ्यांसमोर बघत असताना ते ऐकणार कोण?

रोलिन्सही त्यात सापडला. १९५० मध्ये सशस्त्र दरोड्याच्या केसमध्ये पकडला गेला, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात दहा महिने काढले, १९५२ मध्ये पॅरोलवर असताना हेरॉईनमुळेच परत आत. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागायचं आणि ड्रगची केस झाली की ते कार्ड काढून घ्यायचे, गायिका बिली हॉलिडेचं असंच गेलं, पियानोवाल्या थेलोनियस मंकचंही गेलं. म्हणजे माणूस आजारी, आणि वर त्याची रोजीरोटीही बंद. ही पद्धत १९६७ पर्यंत चालू होती. मला ही गोष्ट वाचताना अजूनही राग येतो.

पण रोलिन्सला बदलायला लावलं ते पोलिसांनी नाही. ३० जानेवारी १९५३ ला ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं एक रेकॉर्डिंग होतं, त्यात पार्कर आणि रोलिन्स दोघेही टेनर वाजवत होते. पार्करने आपुलकीने विचारलं, तू सध्या नीट आहेस ना? रोलिन्स म्हणाला हो, आणि ते खोटं होतं. त्याच दिवशी पार्करला कुणाकडून तरी खरं कळलं आणि त्याचा चेहरा पडला. रोलिन्सने पुढे अनेक मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्या चेहऱ्याने आपल्याला हलवलं, ज्या माणसाला आपण देव मानतो त्याला आपल्यामुळे त्रास झाला, आपण त्याचं वाजवणं घेतलं तसं त्याचं व्यसनही उचललं याचं पार्करला वाईट वाटलं, हे तेव्हा कळलं. तेव्हा ठरवलं की सोडायचं आणि बरं होऊन पार्करसमोर उभं राहायचं.

१९५५ मध्ये तो व्यसन सोडायला स्वतःहून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला दाखल झाला. ही जागा समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकन सरकारने १९३५ मध्ये ती सुरू केली, सुमारे हजार एकर शेतजमीन, गाईगुरं, दुधाचा धंदा, लोक तिला नार्कोटिक फार्मच म्हणायचे. अर्धा तुरुंग, अर्धं हॉस्पिटल, शिक्षा झालेले कैदी आणि स्वतःहून आलेले पेशंट एकाच छताखाली. इतके जॅझवाले तिथे येऊन गेले की आत चांगले बँड तयार व्हायचे. हेरॉईन सुटताना अंगाचे जे हाल होतात ते कमी करायला मेथाडोन हे हेरॉईनऐवजी द्यायचं औषध द्यायचे आणि डोस हळूहळू उतरवत न्यायचे. पण त्याच आवारात कैद्यांवर ड्रगचे प्रयोगही व्हायचे, मोबदला म्हणून ड्रगच दिला जायचा, हे १९७५ मध्ये सिनेटच्या सुनावणीत बाहेर आलं. आणि तिथून सुटलेले बहुतेक जण परत नशेकडे जायचे, कारण घरी गेलं की तीच गल्ली, तेच दोस्त, तोच क्लब.

रोलिन्स आत असतानाच, १२ मार्च १९५५ ला पार्कर गेला. वय फक्त ३४, तपासणाऱ्या डॉक्टरला मात्र तो पन्नाशी ओलांडलेला वाटला. ज्याला दाखवायचं होतं की बघा, मी सोडलं, तोच राहिला नाही. इथे एखादा कोसळला असता.

रोलिन्स बाहेर पडला आणि न्यूयॉर्कला न जाता शिकागोला थांबला, वायएमसीएमध्ये राहिला, झाडलोटीची कामं केली. क्लबात गेलं की जुने यार भेटायचे, चल की म्हणायचे, हातांना घाम सुटायचा आणि तो उठून बाहेर यायचा. व्यसन सोडण्याबद्दल आपण डिटॉक्सचंच जास्त बोलतो, पण मला त्याची खरी परीक्षा शिकागोतली वाटते. त्याच वर्षाच्या शेवटी तो क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवाला मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये गेला. ब्राउन म्हणजे नशेच्या वाऱ्यालाही न उभा राहिलेला माणूस, आणि ट्रम्पेट वाजवण्यात अव्वल. नशेशिवायही असं वाजवता येतं हे रोलिन्सला रोज शेजारी बसून बघायला मिळालं, याचं श्रेय तो कायम ब्राउनला देत आला. २२ जून १९५६ ला रोलिन्सने त्याचा सगळ्यात गाजलेला सॅक्सोफोन कोलोसस हा अल्बम रेकॉर्ड केला आणि चारच दिवसांनी ब्राउन रस्त्यावरच्या अपघातात गेला, वय २५.

रोलिन्स तरीही परत घसरला नाही. १९५९ मध्ये नाव शिखरावर असताना आपण अजून कमी पडतोय म्हणून त्याने कार्यक्रमच बंद केले आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन रियाज केला, उन्हात, थंडीत, कधी कधी दिवसाचे पंधरा तास, कारण घरी वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास. पुढे अध्यात्माच्या ओढीने जपान, तिथली झेन ही बौद्ध ध्यानपरंपरा, योग, आणि मग पवई. तिथे त्याची अडचण अशी की ध्यानाला बसलं तरी मन बसत नव्हतं. स्वामीजींनी त्याला सांगितलं की तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान आहे. ही गोष्ट त्याने पुढे आयुष्यभर सांगितली. १९७२ मध्ये तो नव्या अल्बमसह परत आला आणि पुढची चाळीस वर्षं वाजवत राहिला, फुप्फुसाच्या फायब्रोसिसने फुंकणं अशक्य करेपर्यंत.