स्काडा आणि पीएलसी: पंप नेमका कोण चालवतो?

कंट्रोल रूममधला ऑपरेटर तेलवाहिनीच्या शेकडो किलोमीटर लांबच्या पंपिंग स्टेशनवरचा पंप माउसच्या एका क्लिकवर सुरू करतो. त्यामुळे पंप स्काडाच (स्टेशनांचे आकडे कंट्रोल रूममध्ये आणणारी आणि तिथून कमांड पाठवणारी संगणक प्रणाली) चालवते, असा सरसकट समज आहे. प्रत्यक्षात पंप चालवतो स्टेशनच्या पॅनेलमधला पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवण्यासाठी प्रोग्रॅम केलेला औद्योगिक संगणक.

‘स्टार्ट’ची कमांड आली तरी पीएलसी ती डोळे झाकून पाळत नाही. सक्शनला (पंपात तेल शिरतं त्या बाजूला) पुरेसं प्रेशर आहे का, व्हॉल्व्ह उघडे आहेत का, बेअरिंग तापलेलं नाही ना, हे तो आधी बघतो. एक अट जरी अडली तरी पंप जागचा हलत नाही. डिस्चार्ज प्रेशरचा (पंपातून तेल बाहेर पडतं तिथल्या प्रेशरचा) सेटपॉइंट, म्हणजे राखायचा आकडा, कंट्रोल रूम देते. तो टिकवायला कंट्रोल व्हॉल्व्ह किती उघडायचा किंवा मोटरचा वेग किती ठेवायचा, हे पीएलसी सेकंदात कितीतरी वेळा ठरवत असतो.

स्काडाकडे आकडे सहसा काही सेकंदांच्या अंतराने येतात, आणि खरी मेख इथेच आहे. पुढचा व्हॉल्व्ह अचानक बंद झाला तर प्रेशरची लाट सेकंदाला साधारण 1 किलोमीटर वेगाने उलट येते. ऑपरेटर अलार्म वाचेपर्यंत ती स्टेशनवर धडकलेलीही असू शकते. म्हणून हाय प्रेशरचा ट्रिप (प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की पंप आपोआप बंद करणारी सोय) स्टेशनवरच हवा, पीएलसीत किंवा थेट वायरिंगने. तो स्काडाच्या भरवशावर सोडणं मला सरळसरळ धोकादायक वाटतं, कारण लिंक कधीही तुटू शकते. तशी ती तुटली की बहुतेक ठिकाणी पीएलसी शेवटच्या सेटपॉइंटवर पंप चालूच ठेवतो. स्क्रीनवर मात्र जुनेच आकडे दिसत राहतात.

पण पीएलसीला आपल्या कुंपणापलीकडचं काही दिसत नाही. एका टोकाला जितका माल शिरला तितका दुसऱ्या टोकाला निघाला का, हा हिशेब स्काडाच्या आकड्यांवरच होतो. तो वाचायचा मात्र माणसाने. जुलै 2010 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शलजवळ एन्ब्रिजची तेलवाहिनी फुटली. कंट्रोल रूममध्ये अलार्म येत होते, पण लाइनमध्ये तेलाचा सलग स्तंभ तुटून पोकळी झाली असावी, असा अर्थ लावून पंप दोनदा पुन्हा सुरू केले गेले. गळती ओळखायला 17 तासांहून अधिक वेळ लागला, आणि तीही बाहेरून आलेल्या फोनमुळे कळली.