बरगडीला दोन आचा लागतात

‘एअर फ्रायरमध्ये २५ मिनिटांत पोर्क रिब्ज’ (म्हणजे डुकराच्या बरगड्या) अशा पाककृतींची सध्या चलती आहे. कोल्हापुरात मटणापुढे पोर्कला फारसं कोणी विचारत नाही हे खरं, पण ज्या घरांत ते आवडीने खाल्लं जातं तिथे गोठवलेल्या पाकिटाची आणि ओट्यावरच्या एअर फ्रायरची गाठ पडू लागली आहे. तक्रार बहुतेक सारखीच असते. रंग झकास, वास झकास, पण दाताखाली चिवट आणि मांस हाडाला घट्ट धरून बसलेलं. कोणी मांसाला दोष देतं, कोणी यंत्राला. खरं तर बरगडीला दोन वेगळ्या आचा लागतात, एक ओली आणि सावकाश, दुसरी कोरडी आणि झटपट. एअर फ्रायर यातल्या दुसऱ्या कामात पटाईत आहे, पहिल्यात नाही.

दोन फासळ्यांमधले स्नायू प्रत्येक श्वासाला हलतात. सतत राबणाऱ्या स्नायूंना बांधून ठेवायला संयोजी ऊती जास्त लागतात आणि त्यांचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजेन हे प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, म्हणून ते इतकं चिवट.

आता मांस तापू लागलं की काय होतं ते क्रमाने पाहू. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास स्नायूंमधलं मायोसिन हे प्रथिन आळू लागतं. ६५ ते ७० अंशांच्या पुढे दुसऱ्या प्रथिनाची, म्हणजे अ‍ॅक्टिनची पाळी येते. तंतू आकसतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. याच टप्प्यात कोलॅजेनही आकसतं, म्हणजे सगळं आणखी आवळलं जातं. ७० अंशांवरची बरगडी शिजलेली असते, खायला सुरक्षितही असते, पण खाण्याच्या दृष्टीने तिची हीच सर्वांत वाईट अवस्था. त्यापुढे कोलॅजेनचा पीळ सुटून त्याचं मऊ, पाणी धरून ठेवणारं जिलेटिन व्हायला लागतं. त्यासाठी पाणी हवं आणि वेळ हवा. मांस आतून ९० ते ९५ अंशांवर बराच काळ राहिलं की मग हाड बोटांनी फिरवलं तरी सुटतं. तंतूंमधलं पाणी तोवर बरंच गेलेलं असतं, तरी घास रसाळ लागतो. तो रसाळपणा जिलेटिन आणि वितळलेली चरबी यांचा असतो.

पंचवीस मिनिटांच्या पाककृतीत हा जिलेटिनचा टप्पा नीट गाठलाच जात नाही.

एअर फ्रायर फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात आणला. त्याची रचना साधी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्या वर पंखा, खाली जाळीची टोपली. हवा ही उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत फार दुबळी. १८० अंशांचं एक लिटर तेल आणि तितकीच गरम एक लिटर हवा घेतली, तर तापमानाचा एकेक अंश उतरताना तेल हवेच्या सुमारे दोन हजार पट उष्णता देतं. ही कमतरता पंखा वेगाने भरून काढतो. पदार्थाला चिकटून असलेला थंड, दमट हवेचा पातळ थर तो सतत उडवून लावतो आणि तिथे ताजी गरम हवा आणतो. त्यामुळे पृष्ठभाग भराभर कोरडा होतो, आणि कुरकुरीतपणाची सुरुवात तिथूनच होते.

कारण ओल्या पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० कॅलरी पुरतात. तेच पाणी वाफ करून उडवायला ५४० कॅलरी लागतात. टोपलीत ओल्या बरगड्या दाटीवाटीने भरल्या, तर यंत्राची बरीचशी ताकद हे पाणी उडवण्यात जाते आणि मांस स्वतःच्याच वाफेत बसून राहतं. म्हणून एका थरात, मध्ये फट ठेवून मांडणं हा काही शोभेचा नियम नाही.

मग ओली आच कुठून आणायची? याचं उत्तर कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात फार जुनं आहे. सुक्कं मटण करताना आपण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवतो. त्याचं पाणी अळणी म्हणून वाटीत येतं, रश्श्यांना आधार देतं. आणि शिजलेलं मटण नंतर मसाल्यात परतून सुकं करतात. आधी ओलं, मग कोरडं. हा क्रम ज्यांनी घालून दिला त्यांनी कोलॅजेनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्याची वागणूक त्यांना नेमकी ठाऊक होती. माझ्या मते आपल्याकडच्या मांसाहारी स्वयंपाकातली ही सर्वांत हुशार गोष्ट आहे, आणि एअर फ्रायर आला म्हणून ती सोडण्याचं काहीच कारण नाही.

कुकर इथे खरा कामाचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचावर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. तासांचं काम मिनिटांत येतं. बरगड्यांना मीठ-हळद लावून, तळाशी पेलाभर पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं पुरतात. कुकर आपोआप उतरू द्यावा. दाब एकदम सोडला तर मांसातलं पाणी आतल्या आत उकळतं आणि ओलावा बाहेर पडतो.

शिजवण्यापूर्वी बरगडीची आतली, पोकळ बाजू वर करून पाहा. हाडांवरून एक चकचकीत, पांढुरका पापुद्रा ताणून बसवलेला दिसेल. एका टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा त्याच्याखाली सरकवायचा, सुटलेली कड कोरड्या फडक्यात धरायची आणि ओढायची. नशीब असेल तर अख्खा पापुद्रा एका झटक्यात निघतो, नाहीतर दोन-तीन तुकड्यांत. त्यात इलॅस्टिन हे रबरासारखं लवचीक प्रथिनही असतं आणि ते शिजवून विरघळत नाही. पापुद्रा तसाच राहिला तर मसाला त्या बाजूने आत शिरत नाही आणि खाताना कागद चावल्यासारखं वाटतं.

कुकरमधून काढलेल्या बरगड्या निवू द्याव्यात आणि फडक्याने टिपून अगदी कोरड्या कराव्यात. उघड्या ताटात तासभर फ्रिजमध्ये ठेवता आल्या तर उत्तमच. मग तेलाचा हात फिरवून २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटं. एवढंच काम एअर फ्रायरचं, पण ते तो कढईपेक्षा चांगलं करतो.

या आठ-दहा मिनिटांत जे घडतं त्याचं वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि ठरावीक प्रकारच्या शर्करा उष्णतेने एकत्र येतात, आणि त्यातून शेकडो नवे सुगंधी आणि तपकिरी रेणू तयार होतात. १४० अंशांच्या पुढे ही अभिक्रिया जोर धरते. परदेशी पद्धतीत रिब्जना गोड, आंबट, तिखट सॉस लावतात तो याचसाठी. आपल्या हाताशी मात्र त्याहून सरस वस्तू आहे, ती म्हणजे कोल्हापुरी गूळ, ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साखर जवळपास निव्वळ सुक्रोज असते आणि सुक्रोज मायार अभिक्रियेत थेट भाग घेत नाही, आधी ते फुटावं लागतं. उसाचा रस काहिलीत आटताना त्यातलं काही सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेलंच असतं. म्हणून गुळाचा लेप साखरेच्या लेपापेक्षा लवकर आणि गडद रंग धरतो. त्याच कारणाने तो लवकर करपतोही. गूळ, चिंचेचा कोळ आणि कांदा-लसूण चटणी एकत्र करून केलेला लेप शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठीच लावावा. चटणी सुरुवातीपासून कोरडी भुरभुरली तर पंख्याच्या वाऱ्याने थोडी उडते, राहिलेली कडवट होते.

धूर येतो तो चरबीचा. डुकराची चरबी लवकर वितळते आणि टोपलीखालच्या गरम तळावर ठिबकून जळते. खालच्या भांड्यात थोडं पाणी ठेवलं की तळ फार तापत नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत तशी मनाई नाही ना, एवढं पाहून घ्यावं. आधी कुकर केला असेल तर बरीच चरबी तिथेच सुटलेली असते, त्यामुळे धूर कमीच होतो.

पोर्क म्हटलं की पट्टकृमीची भीती निघते, आणि ती निराधार नाही. कच्चट पोर्कमधून तो आतड्यात येऊ शकतो. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार भारतात आढळतो, तो मात्र कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून दूषित पाणी, न धुतलेली भाजी, अस्वच्छ हात यांवाटे पोचतात. म्हणूनच कधीही मांस न खाणाऱ्यालाही तो होतो. मांसापुरतं बोलायचं तर अमेरिकेच्या कृषी विभागाचा निकष अखंड तुकड्यांसाठी आतून ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती असा आहे. कुकरमधली बरगडी त्याच्या फार पुढे गेलेली असते. हाडालगत गुलाबी छटा दिसली तरी बिचकू नये. डुकरं लहान वयात कापली जातात, त्यांची हाडं सच्छिद्र असतात आणि मज्जेतला रंग शिजताना बाहेर झिरपतो. रंगावर विसंबण्यापेक्षा शे-पाचशेचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्यावा.

हेच सगळं बकऱ्याच्या चापांनाही लागू पडतं, दोन फरकांसह. बकरं जितकं जून, तितके कोलॅजेनच्या साखळ्यांमधले बंध पक्के, म्हणून कुकरमध्ये पाच-दहा मिनिटं जास्त द्यावी लागतात. आणि त्याची चरबी पोर्कपेक्षा वरच्या तापमानाला गोठते, ती टाळूला चिकटू लागते. तेव्हा पानं आधी मांडून घ्यावीत आणि चाप टोपलीतून थेट वाढावेत.