दुखरा सांधा आणि त्याचा आधारपट्टा : ग्राहकांसाठी माहिती

आधारपट्टा मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी एवढेच विचारतो की, सांधा कोणत्या दिशेने हलवताना दुखतो. काहींना हा प्रश्न अनावश्यक वाटतो; परंतु प्रत्येक सांध्याची हालचाल निराळी असल्याने पट्ट्याने नेमके काय रोखायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हे त्यावरूनच ठरते.

चल सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढलेली असतात आणि सांध्याभोवतीच्या पिशवीतील दाट द्रव वंगणाचे काम करतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषणही मुख्यतः याच द्रवातून होते, व त्याला सांध्याच्या हालचालीची मदत होते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे पट्टा बांधून ठेवू नये, मग तो कितीही सोयीचा वाटो.

खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे आहेत. खुब्याची उखळ खोल असल्याने तो भक्कम असतो. खांद्याची उथळ असल्याने हात सर्व दिशांना फिरतो, पण निखळण्याचा धोकाही तेथे अधिक असतो. कोपर बिजागरीसारखे एकाच दिशेने मिटते व उघडते. तळहात उताणा-पालथा करताना मात्र हाताच्या पुढच्या भागातील अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडाभोवती फिरते. हा खिळीचा सांधा झाला. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्येही खिळीचाच सांधा असतो आणि मान वळवण्याची सुमारे निम्मी हालचाल तेथे होते. स्पंजची मऊ कॉलर ही हालचाल फारशी रोखत नाही, हे ती घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. मनगटातील लहान हाडे एकमेकांवर थोडीशी सरकतात, तर अंगठ्याच्या मुळाशी खोगिरी सांधा असतो, ज्यामुळे अंगठा इतर बोटांसमोर येऊन वस्तू पकडता येते. तो दुखत असल्यास नुसता मनगटाचा पट्टा पुरत नाही.

सर्वाधिक तक्रारी गुडघ्याच्या पट्ट्याच्या येतात. गुडघ्यालाही बिजागरीचा सांधा म्हणतात, पण तो तितका साधा नाही. पाय दुमडताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते आणि सरकतेही, शिवाय दुमडलेला गुडघा किंचित वळू शकतो. साहजिकच त्याच्या हालचालीचा अक्ष एका जागी राहत नाही आणि धातूच्या एकेरी बिजागरीचा पट्टा चालताना खाली घसरतो. दुहेरी बिजागरीचा पट्टा या हालचालीशी अधिक जुळतो. तोही बांधताना बिजागरीचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या मध्याशी समपातळीत असावा. मोठ्या मापाचा पट्टा आवळून बसवू नये. पोटरी सुजली किंवा पावलाला मुंग्या आल्या, तर तो लगेच सोडावा.

सांधा अचानक सुजला, लाल होऊन ताप आला किंवा निखळल्यासारखा वाटला, तर पट्टा विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. इतर वेळी माप देण्यास येताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणावी आणि शक्यतो सैल कपडे घालावेत.