ब्रिटन एकट्या स्पिटफायरने वाचवलं का?
‘1940 मध्ये स्पिटफायरने एकट्याने ब्रिटन वाचवलं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान वेगवान आणि देखणं होतं, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण जर्मन हवाई हल्ल्यांच्या त्या उन्हाळ्यातल्या ब्रिटिश स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकड्यांची) यादी काढून मोजा: हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या 30 च्या आसपास, स्पिटफायरच्या 20 च्या. लढाऊ विमानांनी पाडलेल्या जर्मन विमानांतही निम्म्याहून जास्त वाटा हरिकेनचाच.

संग्रहालयात हरिकेनची शेपटीकडची बाजू जवळून बघा. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, वर ताणलेलं कापड. पट्ट्यांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. कापडातून गोळी आरपार गेली तरी ठिगळ लावून विमान पुन्हा आकाशात जायचं. स्पिटफायरचा पत्रा दुरुस्त करायला जास्त वेळ लागे. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही हरिकेन उडवली.