मोरीचा मणका, बांगड्याचा काटा आणि सूक्ष्मदर्शकाखालची ओळख

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीपैकी बांगड्यात काटे असतात आणि मोरीत, म्हणजेच मुशीत, ते नसतात, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते. मोरी हा शार्कवर्गातला मासा असल्याने तिचा सांगाडा कास्थीचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतीचा, तर बांगड्याचा हाडाचा असतो. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे या दोन ऊतींचे नमुने मासळीबाजारात सहज मिळतात आणि पचनसंस्थेचे अवयव मटणवाल्याकडे. अडचण येते ती पुढे, या नमुन्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते कशाचे आहेत हे सांगण्याची वेळ येते तेव्हा.

बहुतेक विद्यार्थी प्रथम रंगावर भिस्त ठेवतात, आणि माझ्या मते तिथेच गोंधळाला सुरुवात होते. नेहमीच्या पद्धतीत हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन अशी दोन रंगद्रव्ये वापरतात. पहिले मध्य अमेरिकेतील लॉगवुड वृक्षाच्या गाभ्यातून मिळते व पेशींची केंद्रके निळसर जांभळी करते; दुसरे पेशीद्रव्य आणि कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू गुलाबी करते. कास्थीच्या आधारकात, म्हणजे पेशींभोवतीच्या पदार्थात, आम्लधर्मी गंधकयुक्त शर्करा भरपूर असल्याने तो निळसर दिसतो, तर पातळ काप घेता यावेत म्हणून आम्लात ठेवून कॅल्शियम काढून टाकलेले हाड कोलॅजेनमुळे गुलाबी दिसते. परंतु मणक्यांमधल्या चकतीतील तंतुमय कास्थीत कोलॅजेन इतके असते की तीही गुलाबीच दिसते, आणि हाड तीव्र आम्लात गरजेपेक्षा जास्त वेळ राहिले तर त्यातील केंद्रके निळा रंग घेईनाशी होतात. म्हणून रंग पाहावा, पण निवाडा रचनेवर करावा.

रचनेत सर्वांत बोलका भाग म्हणजे पेशींची राहण्याची जागा. कास्थी आणि हाड या दोन्हींत पेशी आधारकातल्या लहान पोकळ्यांमध्ये, म्हणजे गर्तिकांमध्ये, बसलेल्या असतात. मात्र कास्थीच्या गर्तिका गोलसर असून त्या दोन-दोन, चार-चारच्या गटांनी दिसतात, कारण लवचीक आधारकात अडकलेली पेशी तिथल्या तिथे विभागते आणि नव्या पेशींना फार दूर जाता येत नाही. हाडाचा आधारक खनिजांमुळे कडक झालेला असल्याने आत अडकलेल्या पेशीला विभागता येत नाही; हाड वाढते ते केवळ पृष्ठभागावर नवे थर चढून. त्यामुळे हाडातल्या पेशी एकेकट्या असतात आणि त्यांच्यासोबत थरांच्या रेषा दिसतात.

दुसरा फरक रक्तपुरवठ्याचा आहे. कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. तिचा आधारक पाण्याने भरलेला असल्याने पोषकद्रव्ये त्यातून हळूहळू पाझरत पेशींपर्यंत पोहोचतात. कडक हाडातून असे पाझरणे शक्य नसते, आणि म्हणून हाडाच्या प्रत्येक गर्तिकेपासून केसांहूनही बारीक नलिका चहूबाजूंना निघून शेजारच्या गर्तिकांना जोडल्या जातात. बकऱ्याच्या मांडीच्या हाडाचा वाळवून घासलेला पातळ तुकडा पाहिला, तर मध्ये रक्तवाहिनीची वाट, तिच्याभोवती एकात एक बसलेली वर्तुळे आणि त्या वर्तुळांवर हवेने भरल्यामुळे काळ्या दिसणाऱ्या गर्तिका असे चित्र समोर येते. इंग्लंडमधील वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी 1691 साली हाडांवरील ग्रंथात या वाटांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव या नलिकांना मिळाले. मध्यवर्ती नलिका आणि तिच्याभोवतीची वर्तुळे मिळून होणाऱ्या अशा एका घटकाचा व्यास साधारण 0.2 मिलिमीटर भरतो, म्हणजे कोणतीही अस्थिपेशी आपल्या रक्तवाहिनीपासून फार लांब नसते.

हे सारे सस्तन प्राण्यांना नेमके लागू पडते. मासळीबाजारातील नमुना मात्र पुस्तकाशी जुळेलच असे नाही. रोहू आणि कटला यांच्या हाडात पेशी दिसतात, परंतु समुद्रातील अनेक प्रगत अस्थिमत्स्यांच्या हाडात अस्थिपेशी मुळी नसतातच. गर्तिका दिसत नाहीत म्हणून असा काप हाडाचा नाही असे म्हणणे चुकीचे ठरते. मोरीच्या बाबतीत उलटा धोका आहे. तिच्या जबड्याच्या कास्थीवर खनिजाने कडक झालेल्या बारीक ठोकळ्यांचे आवरण असते, आणि हा कडकपणा पाहून तिला हाड समजण्याचा मोह होतो. पण त्या ठोकळ्यांत हॅवर्स नलिका सापडत नाहीत आणि आतल्या बाजूला गोलसर गर्तिकांची नेहमीची कास्थीच असते.

पचनसंस्थेचे नमुने घेताना घाई करावी लागते. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर आपल्याच पाचकरसांनी लवकर विरघळू लागते, आणि किनाऱ्यावरच्या उकाड्यात तर फारच वेगाने. ट्रॉलरच्या बर्फात काही दिवस राहिलेला मासा खाण्यास ठीक असला, तरी त्याच्या आतड्याचे अस्तर झडलेले आढळते. ताजा तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवून, मग अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून पॅराफिन मेणात बसवतात आणि मायक्रोटोम या काप घेण्याच्या यंत्रावर 4 ते 5 मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. (पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते, ही कोकणातल्या प्रयोगशाळांची वेगळी डोकेदुखी.)

अन्नमार्गाच्या भिंतीत सर्वत्र चारच थर असतात: आतले श्लेष्मल अस्तर, त्याखालचा संयोजी थर, स्नायूंचा थर आणि बाहेरचे आवरण. म्हणून ओळख पटते ती थर मोजून नव्हे, तर अस्तराच्या पृष्ठभागावरून. अनेक थरांच्या चपट्या पेशींचे जाड अस्तर असेल तर ती अन्ननलिका समजावी, कारण तिला घासाचे घर्षण सोसायचे असते. बोटांसारखे रसांकुर दिसले तर लहान आतडे. रसांकुर नसून सरळ खोल ग्रंथी आणि त्यांत श्लेष्म भरलेल्या, फिकट दिसणाऱ्या पेशींची गर्दी असेल तर मोठे आतडे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अस्तराखालच्या संयोजी थरातही ग्रंथी असतात, ही खूण सहसा दगा देत नाही. मानवी जठरात आम्ल स्रवणाऱ्या गुलाबी पेशी आणि पेप्सिन या पाचकद्रव्याचे पूर्वद्रव्य स्रवणाऱ्या जांभळट पेशी वेगळ्या ओळखू येतात, परंतु माशांमध्ये ही दोन्ही कामे एकच पेशी करते. त्यामुळे बांगड्याच्या जठरात त्या दोन रंगांच्या पेशी शोधण्यात अर्थ नसतो.

बकऱ्याच्या जठराचा नमुना घेताना आणखी एक गफलत होते. वजडी म्हणून मिळणाऱ्या तुकड्यांत रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या कप्प्याचा मोठा वाटा असतो, आणि त्या कप्प्यात पाचक ग्रंथीच नसतात. त्याचे अस्तर अन्ननलिकेसारखे बहुस्तरीय असते आणि त्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसणारे उंचवटे असतात. हे उंचवटे सूक्ष्मदर्शकाखाली रसांकुरांचा भास निर्माण करतात, पण त्यांच्यावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, तर रसांकुरावर उभट पेशींचा एकच थर. ग्रंथी पाहायच्या असतील तर चौथ्या कप्प्याचा तुकडा मागावा लागतो.

मोरीचे आतडे आडवे कापले, तर पोकळीच्या आत आणखी एक घडी दिसते, कारण शार्कांच्या आखूड आतड्यात शोषणाचे क्षेत्र वाढवण्यासाठी अस्तराची गुंडाळी असते. या घडीच्या दोन्ही बाजूंना श्लेष्मल अस्तर आढळते, मात्र भिंतीच्या बाहेरचा जाड स्नायुथर तिच्यात शिरत नाही.